नासिरभाईंचा वेग

उज्वलाला आधी वाटलं, भिंतीवरचा टायमरच बिघडला.

लातूरच्या औसा रोडवरच्या नव्या बॉक्सिंग हॉलमध्ये सकाळचा सराव चालू होता. भिंतींना अजून रंगाचा वास होता. पोरी दोरीवरच्या उड्या मारत होत्या आणि टायमरचे लाल आकडे तीन मिनिटांपासून उलटे उतरत होते. समोरच्या भिंतीवर फैजाननं पांढरी चादर ताणून प्रोजेक्टर लावला होता. फैजान विष्णुपुरीच्या इंजिनीअरिंग कॉलेजात शिकत होता. दुपारच्या बैठकीत दाखवायची फिल्म तो एकदा चालवून बघत होता. फिल्ममध्ये त्याचे आजोबा होते, नांदेडचे नासिर खान. साल १९७४, हैदराबादची फायनल, दुसरी फेरी.

चादरीवरची फेरी सुरू झाली तेव्हाच पोरींच्या टायमरची नव्या फेरीची शिट्टी वाजली, हा निव्वळ योगायोग. नासिरभाईंचे हात पंख्याच्या पात्यासारखे फिरत होते. समोरचा फौजी बॉक्सर उंचीनं चांगला वीतभर जास्त, पण त्याला हात उचलायला सवड मिळत नव्हती. उज्वलाला ही फिल्म पाठ होती. फेरी संपली, नासिरभाई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले, कुणीतरी त्यांच्या तोंडावर पाणी मारलं. पोरी मात्र अजून उड्या मारत होत्या. टायमरवर पंचेचाळीस सेकंद शिल्लक होते.

"फैजान, मधलं काही कापलंस का?"

"नाही मॅडम. हात पण लावला नाही."

"पुन्हा लाव."

या वेळी तिनं मोबाइलवरचं घड्याळ चालू केलं. सव्वादोन मिनिटं. १९७४ साली फेरी तीन मिनिटांची असायची, हे बॉक्सिंगमधल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. आणि फिल्म कुठं तुटलेली नव्हती. कॅमेरा एका जागी ठेवून, घंटेपासून घंटेपर्यंत सलग घेतलेली होती.

तिनं तिसऱ्यांदा फिल्म लावायला सांगितली आणि या वेळी नासिरभाईंच्या हातांकडं बघितलंच नाही. पहिल्या रांगेतला एक माणूस वर्तमानपत्रानं वारा घेत होता. इतक्या झपाट्यानं कुणी वारा घेत नाही. पंच रिंगणात तुरुतुरु चालत होता. कोपऱ्यात मारलेलं पाणी खडे पडावेत तसं झपकन खाली आलं. इतकी वर्षं सगळ्यांनी फक्त हात बघितले होते.

तिनं फोन काढला आणि नांदेडला मोहसीनचाचांना लावला. ते नासिरभाईंचे मेव्हणे. एके काळी देगलूर नाक्यावर त्यांचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान होतं. विलायतेहून आलेल्या एका डॉक्टरानं हौसेनं घेतलेली ती छोटी रीळ पुढं मोहसीनचाचांनीच कॅसेटवर उतरवली होती. कॅसेटवरून सीडी झाली, सीडीवरून मोबाइलवर आली.

"चाचा, ती कॅसेट तुम्ही केली कशी होती?"

"कशी म्हंजे? भिंतीवर चादर, समोर प्रोजेक्टर, बाजूला माझा लग्नाचा कॅमेरा. लई मेहनत केली बेटी. चित्र सारखं फडफडत होतं, जसा काही दिवा विझून राहिला अन् लागून राहिला. मग मी प्रोजेक्टरचं बटण फिरवलं. फडफड बंद. एकदम साफ!"

"बटणावर काय लिहिलं होतं?"

"अठरा अन् चोवीस. सेकंदाला इतकी चित्रं. अठरावर फडफडायचं, चोवीसवर साफ."

"म्हणजे अठरानं घेतलेली फिल्म चोवीसनं पळाली, चाचा."

"थोडी पळाली असंल. त्यानं काय होतंय? लग्नातली वरातबी मी थोडी पळवायचो. लोकांना आवडायचं."

उज्वलानं फोन ठेवला. फैजान तिच्याकडंच बघत होता. त्याला गणित समजावून सांगायची गरज नव्हती. त्यानं लॅपटॉप मिटला आणि मग काही सुचेना म्हणून पुन्हा उघडला.

"मॅडम," तो हळू आवाजात म्हणाला, "आज नका सांगू. बैठक होऊन जाऊ द्या."

बैठक कशाची होती, हे लातूर-नांदेडात ज्याला बॉक्सिंगची आवड त्या प्रत्येकाला माहीत होतं. हॉल बांधणाऱ्या प्रतिष्ठाननं ठरवलं होतं की हॉलला मराठवाड्याच्या आजवरच्या सर्वश्रेष्ठ बॉक्सरचं नाव द्यायचं. नावं दोनच उरली होती. एक नासिर खान. दुसरा देवणीचा मडिवाळप्पा, २००३ सालचा राष्ट्रीय विजेता, आता उदगीरला शाळेत क्रीडाशिक्षक. निवड समिती तिघांची. निवृत्त क्रीडा अधिकारी वैजनाथ सर नासिरभाईंच्या बाजूनं, प्रतिष्ठानचे अध्यक्ष व्यंकटराव मडिवाळप्पाच्या बाजूनं. तिसरी उज्वला, हॉलची प्रशिक्षक. तिनं अजून मत दिलं नव्हतं, पण ते कुठं जाणार याबद्दल कुणाला शंका नव्हती.

कारण उज्वलाला उभं केलं ते नासिरभाईंनी. ती सतरा वर्षांची असताना नांदेडात पोरीला बॉक्सिंग शिकवायला एकही माणूस तयार नव्हता. नासिरभाईंचं टायरचं दुकान होतं. दुकानामागच्या मोकळ्या जागेत त्यांनी ट्रकचं टायर टांगलं आणि म्हणाले, "मार. टायरला कळत न्हाई, मारणारा पोरगा हाय का पोरगी." संध्याकाळी ते तिला घरात नेऊन ती सीडी दाखवायचे. बिलकीसचाची चहा द्यायच्या. ते स्वतः मात्र फिल्मकडं फारसं बघायचे नाहीत, हे तिला आज पहिल्यांदा आठवलं.

"आज सांगितलं नाही," ती फैजानला म्हणाली, "आणि रविवारी उद्घाटनाला हीच फिल्म मोठ्या पडद्यावर लावली, तर समोर राज्यभरातले पंच बसलेले असणार. त्यातला एखादा घड्याळ लावणारच. मग तुझ्या आजोबांना काय म्हणतील?"

"आणि आज सांगितलं तर काय म्हणतील?"

"फिल्म खऱ्या वेगानं करून ठेव," ती एवढंच म्हणाली. "दोन्ही ठेव."

नासिरभाई नांदेडच्या एसटीनं आले. पंचाहत्तरी गाठलेला माणूस, पण काठी नाही. इस्त्रीचा काळा कोट, बारीक कापलेली पांढरी दाढी, अत्तराचा वास. दारातच व्यंकटरावांनी हात जोडले, पोरींनी गराडा घातला, कुणीतरी फोटो काढला. उज्वलाला त्यांना एकट्याला गाठायचं होतं. ते तोंड धुवायला बेसिनकडं गेले तेव्हा ती टॉवेल घेऊन मागं गेली.

"चाचा, एक बोलायचंय."

"मला माहीत हाय काय बोलायचंय." त्यांनी तोंड पुसलं. "हे बघ उज्वला बेटी, मत देताना माझ्याकडं बघू नको. तुझी चाची बोलली, पोरीला अवघड करून ठेवाल, जाऊच नका. मी बोललो, ती अवघडात पडणारी पोरगी न्हाई."

"तसं नाही चाचा. ती फिल्म..."

"नासिरभाई! इकडं तोंड लपवून काय बसलात?" वैजनाथ सर आत आले, त्यांनी नासिरभाईंच्या खांद्यावर हात टाकला आणि त्यांना घेऊनच गेले. उज्वलाच्या हातात ओला टॉवेल राहिला.

बैठक हॉलच्याच ऑफिसात होती. लांब टेबल, एका बाजूला समिती, समोर नासिरभाई आणि मडिवाळप्पा शेजारी शेजारी. मडिवाळप्पा सत्तेचाळीसचा, मान बैलासारखी जाड, आवाज मात्र बारीक. एका भिंतीवर आता ती पांढरी चादर ताणली होती, बाजूला फैजान प्रोजेक्टर आणि लॅपटॉप घेऊन उभा. बाहेर फ्लेक्सवाल्याचा माणूस नाव घ्यायला येऊन बसला होता.

व्यंकटरावांनी सुरुवात केली. "दोघंबी आमचेच. पण नाव एकच लागणार. वैजनाथ सर, बोला."

"मी एकच विचारतो," वैजनाथ सर म्हणाले. "नासिरभाई खेळले तेव्हा डोक्याला हेडगार्ड होतं का? नव्हतं. ग्लोव्हज पातळ. तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या. ठोसा बसला की बसला. तुमच्या मडिवाळप्पाच्या वेळी काय होतं? डोक्यावर उशी, हातात उशी, आणि पंच व्हिडिओ गेम खेळल्यासारखे बटणं दाबून राहिलेत."

"बटणं सोपी वाटली का सर तुम्हाला?" व्यंकटराव पुढं सरसावले. "पाचातल्या तीन पंचांनी एका सेकंदात बटण दाबलं तर गुण. म्हंजे ठोसा असा पाहिजे की तिघांना एकदम दिसला पाहिजे. आमच्या देवणीच्या या वळूनं तसे ठोसे मारले. अन् नासिरभाई, राग मानू नका, त्या काळी नांदेडात बॉक्सर होते किती? दोन. एक तुम्ही, दुसरा तुमचा मार खाणारा."

नासिरभाई हसले. "तिसराबी होता. तो आधीच पळून गेला."

"पण हैदराबादला तर फौजी होता ना समोर? रेल्वेवाले होते, गिरणीवाले होते," वैजनाथ सर म्हणाले. "आणि आता वाद कशाला? फिल्म आहे ना. फैजान, लाव."

फैजाननं उज्वलाकडं बघितलं. बोलायची वेळ आत्ता होती, हे तिला कळत होतं, तरी तिनं नजर टेबलाकडं वळवली. फैजाननं खिडकीचा पडदा ओढला.

त्यानं आठवडाभर खपून चित्राचे दोन भाग केले होते. डावीकडं १९७४चे नासिरभाई, काळ्या-पांढऱ्यात. उजवीकडं २००३चा मडिवाळप्पा, रंगीत, लाल हेडगार्डमध्ये. घंटा झाली आणि दोघंही सुटले. मडिवाळप्पा चपळ होता, ठोसा टेकवून मागं सरत होता, पुन्हा टेकवून सरत होता. पण डावीकडं बघितल्यावर उजवीकडं कुणाची नजर टिकेना. नासिरभाईंचे हात दिसतच नव्हते. फक्त फौजीची मान मागं जाताना दिसत होती. वैजनाथ सरांनी टेबलावर हात आपटला. व्यंकटराव खुर्चीत मागं रेलले. दारातून डोकावणारी एक पोरगी "अगं बाई" म्हणाली.

फिल्म संपली. पडदा उघडायच्या आधीच मडिवाळप्पा उभा राहिला.

"अध्यक्षसाहेब, माझं नाव काढून टाका."

"खाली बस रे," व्यंकटराव म्हणाले.

"न्हाई, ऐका. मी वीस वर्षांचा असताना ही सीडी नांदेडहून आणली. रोज लावायचो अन् टीव्हीसमोर उभा राहून या हातांसंगं हात चालवायचो. अय्यो, किती वर्षं! शेवटपर्यंत जमलं न्हाई. आई म्हणायची, टीव्हीसंगं काय भांडून राहिलास. मी नॅशनलला जिंकलो तेव्हाबी मला माहीत होतं, अजून मी या माणसाच्या मागं हाय. मग मला सर्वश्रेष्ठ म्हणून काय करता? नासिरभाईंचं नाव लावा. मतबित कशाला?"

वैजनाथ सरांचे डोळे भरून आले. व्यंकटरावांनी क्षणभर विचार केला, दोन्ही हात पसरले. "खेळाडूच माघार घेतो म्हणल्यावर मी कोण? उज्वलाताई, तुमचं तर ठरलेलंच हाय. बोलवा रे त्या फ्लेक्सवाल्याला."

फ्लेक्सवाल्याचा माणूस आत आला, पेन काढलं. "नाव सांगा साहेब."

नासिरभाई कोटाचं बटण लावत होते. बटण काजात जात नव्हतं. उज्वलानं त्यांच्याकडं बघितलं. आता गप्प राहिली तर तिला मतही द्यावं लागणार नव्हतं. सगळं आपोआप, मानानं, सगळ्यांच्या मनासारखं होणार होतं. आणि मडिवाळप्पा उदगीरला परत जाऊन उरलेला जन्म मोहसीनचाचांनी फिरवलेल्या एका बटणाला शरण गेलेला राहणार होता.

"थांबा," ती म्हणाली.

आवाज तिला स्वतःलाच मोठा वाटला.

"फिल्म जोरात पळालीय. जशी घेतली तशी नाही. कॅसेट करताना वेग वाढला. तीन मिनिटांची फेरी इथं सव्वादोन मिनिटांत संपते. मी सकाळी घड्याळ लावून बघितलंय. मोहसीनचाचांना विचारलंय."

फ्लेक्सवाल्याचा माणूस पेन धरून तसाच उभा होता. मग वैजनाथ सर म्हणाले, "असं कसं? इतक्या जणांनी बघितली. कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

"कसं येणार सर? सीडी घरोघर गेली तेव्हा फेरी दोन मिनिटांची झाली होती. मी दोन मिनिटांच्या फेऱ्या खेळले, मडिवाळप्पा दोन मिनिटांच्या खेळला. आम्हाला तर ही फेरी लांबच वाटायची."

"सकाळी बघितलंस," नासिरभाई म्हणाले. बटण त्यांनी तसंच सोडून दिलं होतं. "अन् मला आत्ता सांगून राहिलीस. चार माणसांत."

"बेसिनपाशी सांगत होते, चाचा."

"हाव. टॉवेल घेऊन आली होतीस." त्यांनी तिच्याकडं बघायचं सोडलं. "म्हंजे मी खोटा."

"तुम्ही नाही. फिल्म."

"लोकांनी फिल्मच बघितली ना. मला कुणी बघितलं? हैदराबादला होते त्यातले किती राहिले?"

व्यंकटरावांना परिस्थिती हातात घ्यायची सवय होती, पण इथं काय हातात घ्यावं ते त्यांना समजेना. "मग आता काय करायचं?" ते कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले.

"खरी लावा," मडिवाळप्पा म्हणाला. तो अजून उभाच होता आणि त्याचा चेहरा लाल झाला होता. "मला बघू द्या. मी कुणाच्या मागं पळून राहिलो होतो ते मला बघू द्या."

"न्हाई लावायची," नासिरभाई म्हणाले.

फैजानचा हात लॅपटॉपवर थांबला. आजोबा, नातू आणि मधे ती. उज्वलाला वाटलं, आता ते उठतील, दारातून जातील आणि पुन्हा नांदेडच्या त्या घरात आपल्याला पाय ठेवता येणार नाही. पण ते उठले नाहीत. त्यांनी खुर्ची चादरीकडं वळवली. मग म्हणाले, "लाव. खरी मीबी बघितली न्हाई कधी."

पुन्हा पडदा ओढला गेला. या वेळी डावीकडं-उजवीकडं नाही, एकटी तीच फिल्म. वर्तमानपत्रानं वारा घेणारा माणूस आता माणसासारखा वारा घेत होता. पंच माणसासारखा चालत होता. आणि नासिरभाई... चांगले होते. चपळ होते. पण पंख्याचं पातं नव्हतं. हात जाताना दिसत होता, येताना दिसत होता. मडिवाळप्पाच्या तोंडून नकळत श्वास सुटला. या वेगाला त्यानं बाविसाव्या वर्षीच मागं टाकलं होतं आणि हे त्याला आज कळत होतं.

फेरी निम्मी झाली असेल. फौजी दोरीपासून सुटून पुढं आला, डावा हात उचलला. नासिरभाईंनी मान बाजूला घेतली, पण पूर्ण नाही.

"थांबव!"

नासिरभाई ओरडले होते. फैजाननं दचकून फिल्म थांबवली.

"मागं घे. जरा मागं. आता सोड."

डावा ठोसा हळूच, सावकाश म्हणावा इतका सावकाश, नासिरभाईंच्या जबड्यावर येऊन बसला. तरण्या नासिरचं डोकं फिरलं, एक गुडघा वाकला, आणि तो तसाच वाकलेल्या गुडघ्यावरून वर येत उजवा हात घेऊन आत शिरला. पळणाऱ्या फिल्ममध्ये या जागी नुसती मान हलल्यासारखी दिसायची. लोक म्हणायचे, काय चुकवला ठोसा!

"लागला होता," नासिरभाई म्हणाले. त्यांचा हात जबड्यावर गेला होता. "हाव. इथं. मी घरी सांगायचो, दुसऱ्या फेरीत मला बसला होता, कानात शिट्टी वाजली होती. बिलकीस म्हणायची, फिल्ममध्ये तर कुठं दिसत न्हाई. सगळेच म्हणायचे, तुम्हाला एकबी लागला न्हाई. मग मीच सोडून दिलं. म्हणलं आपलंच डोकं फिरलं असंल, फिल्म कशाला खोटं बोलंल?" ते चादरीकडंच बघत होते. "लई जोरात लागला होता रे."

कुणी पडदा उघडला नाही. फैजाननं फिल्म शेवटपर्यंत चालू दिली.

उजेड आल्यावर व्यंकटरावांनी घसा साफ केला. त्यांच्या आवाजात आता उत्साह नव्हता, पण काम उरलं होतं. "मडिवाळप्पा, तुझी माघार?"

"कशापुढं माघार घेतली होती, तेच राहिलं न्हाई," मडिवाळप्पा म्हणाला. "आता तुम्ही ठरवा. मला काही कळंना झालंय. ही फिल्म अशीच मिळाली असती तर मी इतका पळालोच नसतो."

"मग एक-एक मत झालं. उज्वलाताई."

वैजनाथ सर तिच्याकडं वळले. "उज्वला, हेडगार्ड नाही, आणि असा ठोसा खाऊन माणूस आत शिरतो. आणखी काय बघायचं राहिलं? वेग गेला तर जाऊ दे."

तिला ते दिसलं होतं. तिला त्याहून जास्त दिसलं होतं. वाकलेल्या गुडघ्यावरून वर येणं तिनं आयुष्यात कुणाला जमताना बघितलं नव्हतं. नासिरभाईंचं नाव घेणं आता खोटंही ठरलं नसतं. पण तिला विचारलेला प्रश्न वेगळा होता: दोघांत सर्वश्रेष्ठ कोण. जिभेवर आलेलं नाव उपकाराचं आहे की निवाड्याचं, हे तिचं तिलाच सांगता येईना.

"मडिवाळप्पा," ती म्हणाली.

वैजनाथ सरांनी चष्मा काढला.

"मडिवाळप्पाच्या चाळीस लढती मी रिंगणाच्या कडेला बसून बघितल्यात. तो काय होता आणि काय नव्हता, ते मला सांगता येतं. नासिरचाचांना मी आज पहिल्यांदा बघितलं. एक फेरी. इतकी वर्षं मी त्यांच्याबद्दल जे बोलत आले ते सगळं दुसऱ्याच फिल्मवरून. एका फेरीवरून मला मत देता येत नाही. ते जास्त मोठे असतीलही. मला माहीत नाही."

"माहीत नाही म्हणून विरोधात मत?" वैजनाथ सर म्हणाले. "हा कुठला न्याय?"

"न्याय नाही सर. तुम्ही एकच नाव मागितलं."

फ्लेक्सवाल्याच्या माणसानं कागदावर नाव लिहून घेतलं, मडिवाळप्पाला आडनाव विचारलं आणि गेला. व्यंकटराव जिंकले होते, पण ते कुणाशी हात मिळवायला उठले नाहीत. नासिरभाईंनी कोटाचं बटण लावलं. या वेळी पहिल्या झटक्यात लागलं.

"फैजान, नांदेडची गाडी कधी हाय?"

"चाचा, मी सोडते," उज्वला म्हणाली.

"रिक्षा मिळती." ते उठले. तिच्या खुर्चीजवळून जाताना थांबले नाहीत. दारापाशी मडिवाळप्पा आडवा आला आणि पाया पडायला वाकला. नासिरभाईंनी त्याचा दंड धरून त्याला वर घेतलं.

"पाया नंतर पड. आधी सांग. तो डावा तुझ्यावर आला असता तर काय केलं असतंस?"

"मागं सरलो असतो."

"मागं दोरी हाय."

"मग बाजूला. असा." मडिवाळप्पानं नकळत पवित्रा घेतला.

"बाजूला पंच हाय, धडकशील. हात वर कर. न्हाई, तुझ्या वेळचा उशीवाला न्हाई. उघडा जबडा धर. अन् तो डावा आता तू सोड, माझ्यावर."

व्यंकटराव धास्तावून उठले. "अहो नासिरभाई, बसा, पडाल!" पण दोघंही त्यांचं ऐकत नव्हते. पंचाहत्तरीचा माणूस आणि सत्तेचाळीसचा माणूस ऑफिसच्या दारात एकमेकांसमोर उभे होते, मुठी वर. मडिवाळप्पानं डावा सोडला, सावकाश, पाण्यातून हात यावा तसा. नासिरभाईंनी मान बाजूला घेतली, गुडघा वाकवला. गुडघा कडकन वाजला, सगळ्यांना ऐकू आला. ते वर आले आणि त्यांची उजवी मूठ मडिवाळप्पाच्या हनुवटीखाली बोटभर अंतरावर येऊन थांबली. तोवर मडिवाळप्पाचा दुसरा हात त्यांच्या कोटाला टेकला होता.

"माझा आधी," मडिवाळप्पा म्हणाला.

"टेकला. लागला न्हाई. माझ्या काळात याला कुणी विचारलं नसतं."

"माझ्या काळात गुण मिळाला असता."

"तुझ्या काळात!" नासिरभाई धापा टाकत होते. एक हात दाराच्या चौकटीला लावून त्यांनी तोल सावरला. मग त्यांनी मान वळवली आणि मत दिल्यापासून पहिल्यांदा उज्वलाकडं बघितलं. नजरेत राग होता. तो त्यांनी लपवला नाही.

"तू बघितलंस ना? सांग. कुणाचा आधी?"

तिनं बघितलं होतं. नीट, दोघांचे हात आणि पाय धरून. मडिवाळप्पाचा हात आधी टेकला होता, यात शंका नव्हती. आणि नासिरभाईंची मूठ थांबली नसती तर हात टेकूनही मडिवाळप्पा उभा राहिला नसता, यातही नव्हती.

"त्याचा आधी, चाचा," ती म्हणाली. "पण तुम्ही थांबलात."

नासिरभाई तिच्याकडं बघत राहिले. मग फैजानला म्हणाले, "पुढची गाडी बघ," आणि आत येऊन त्यांनी खुर्ची ओढली. "अन् ती फिल्म पुन्हा लाव. मघाशी थांबवली तिथून."

उज्वलानं उठून पडदा ओढला. त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. त्यांनी तिला बस म्हटलं नाही. ती बसली, तेव्हा ऊठही म्हटलं नाही.